पितळी वाद्य घरीं केव्हां आणावें?

बोरिवलीस राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या ज्येष्ठांत एक लहानसा कलह उपस्थित झाला होता. त्यांचे बारा वर्षांचे चिरंजीव एका वरातींत ट्रंपेट ऐकून आले आणि तें वाद्य आपणांस हवेंच, असा त्यांनीं हट्ट धरिला. आजोबांचें म्हणणें असें कीं, पेटी शीक, तबला शीक, पण हें वरातीचें खूळ घरांत नको. आईचें म्हणणें, आणून टाका एखादें स्वस्तांतलें. चार दिवस फुंकील आणि मग माळ्यावर जाईल. वडिलांनीं तिढा सोडविण्यासाठीं आम्हांस बोलाविलें. जुन्या कागदांत रमणाऱ्या माणसास असल्या व्यवहारांत काय कळतें, हें त्यांना अद्याप उमगलेलें दिसत नाहीं. आम्हीं पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. त्या अवधींत जें हाताशीं आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण हा प्रश्न आमच्या या साष्टी बेटांत मुळींच नवा नाहीं. पितळी वाद्य कोणीं विकत घ्यावें, केव्हां घ्यावें, आणि विकत न घेतां आयुष्यभर वाजवीत राहिलें तर काय होतें, याचीं उत्तरें येथल्या लोकांनीं आजवर निरनिराळीं दिलीं आहेत.

आजोबांचा समज असा कीं, पितळेची नळी फुंकणें ही साहेबाची रीत. तें खरें नव्हे. तुतारी, शिंग, कर्णा हीं वाद्यें आपलीं आहेत. गडाच्या दरवाजांत आणि देवाच्या पालखीपुढें तीं पिढ्यान् पिढ्या वाजत आलीं. केशवसुतांनीं १८९३ सालीं 'तुतारी' लिहिली आणि शिकलेल्या मराठी घरांतून ती पाठ म्हटली जाऊं लागली. परंतु ती पाठ म्हणणाऱ्यांपैकीं कितीजणांच्या घरीं खरी तुतारी खुंटीस टांगलेली होती, हें विचारूं नये. तुतारी असे ती देवस्थानाची, सरदाराची किंवा गांवाची. वाजविणारा असे वतनदार अथवा बलुतेदार. ती विकत घेण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. शिवाय वाद्याची मर्यादाहि मोठी. भोकें नाहींत, कळा नाहींत. ओठांचा ताण कमीजास्त करून जे मोजके सूर नळींतून आपोआप निघतात तेवढेच. तुतारीनें ललकारी होते, गत होत नाहीं.

हा अडसर दूर झाला तो प्रशियांत. हाइनरिख श्टॉल्त्सेल आणि फ्रीड्रिख ब्ल्यूमेल या दोघां वादकांनीं १८१८ सालीं कळांच्या युक्तीचें पेटंट मिळविलें. पुढें पॅरिसमध्यें ती सुधारली, आणि १८४० नंतर आदोल्फ साक्स यानें लहानापासून अजस्रापर्यंत एकाच घाटाच्या वाद्यांचें कुटुंबच्या कुटुंब निर्माण केलें. युक्ति ऐकावयास सोपी आहे. नळीला तीन जादा वळसे जोडलेले असतात. कळ दाबली कीं हवा त्या लांबच्या वाटेनें जाते आणि सूर खालीं उतरतो. तीन कळांच्या मेळानें बाराहि सूर हातीं येतात. कॉर्नेट असो कीं मोठें बास असो, बोटांची रीत जवळजवळ तीच. दिवसभर गिरणींत किंवा खाणींत राबलेला इंग्लंडचा मजूर दिवेलागणीनंतर शिकून बँडांत उभा राहूं लागला तो यामुळें. कारखान्यांतून वाद्यें निघूं लागल्यावर किंमतीहि उतरल्या. तरी एकट्या मजुरास त्या जडच होत्या. म्हणून गिरणीच्या मालकानें, गांवच्या वर्गणीनें किंवा चर्चनें वाद्यें घ्यावीं आणि मजुरांनीं तीं वाजवावीं, असा पायंडा पडला. १८५३ सालीं मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेंत अशा बँडांची मोठी चढाओढ प्रथम भरली.

१८५३ हें साल मुंबईकरांना दुसऱ्याच कारणानें पाठ आहे. त्या वर्षीं १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली आगगाडी निघाली. तोफांची सलामी झाली आणि गव्हर्नरांचा बँडहि वाजला. ज्या माळांवरून ती गाडी गेली तेथेंच पुढें घाटकोपर आणि मुलुंड हीं उपनगरें वसलीं. त्यानंतर १८६७ सालीं विरारहून बॅकबेकडे लोकल गाडी सुरू झाली आणि तिच्या थांब्यांत बोरिवली व अंधेरी हीं दोन्ही गांवें होतीं. बँडवाल्याच्या दृष्टीनें ही गोष्ट लहान नव्हे. सकाळीं वसईच्या चर्चांत वाजवून सायंकाळीं गिरगांवच्या वरातींत उभें राहणें शक्य झालें तें या गाडीमुळें.

पलटणींचे आणि संस्थानिकांचे बँड लोकांनीं पाहिले, आणि आपल्या मुलाच्या लग्नांतहि तसाच थाट असावा असें प्रत्येकास वाटूं लागलें, यांत नवल नाहीं. मात्र रस्त्यावर हें वाद्य वाजवीत जाण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद मुंबईंत एकदां चांगलाच पेटला. १८८२ च्या सप्टेंबरांत फ्रेडरिक टकर हे मुक्तिफौजेची चिमुकली तुकडी घेऊन मुंबईस उतरले. पूर्वी ते हिंदुस्थानांतच सनदी नोकरींत होते. आतां अंगावर देशी वेष आणि मिरवणूक वाजतगाजत. पोलिसांनीं मनाई केली, पकडापकड झाली, टकर तुरुंगांतहि जाऊन आले. पलटणीनें वाजवीत जावें, पण एका गोऱ्या गृहस्थानें देशी वेषांत, चाकरीचा हुद्दा सोडून, रस्त्यावर वाजवीत जावें हें सरकारास मानवेना. वाद्यापेक्षां तें कोणाच्या हातांत आहे याकडे लोकांचें लक्ष अधिक असतें, याचें हें एक उदाहरण. दुसरें उदाहरण आपल्या घरचेंच आहे, त्याकडे पुढें वळूं.

साष्टींतल्या खेड्यांची गोष्ट निराळी होती. पोर्तुगीज अमदानींत येथें गांवोगांव चर्चें उभीं राहिलीं. अंधेरीजवळ कोंडिवटें येथें १५७९ सालीं बांधलेल्या चर्चचे अवशेष आज सीप्झच्या आवारांत आहेत. १७३७ सालीं साष्टी मराठ्यांकडे आली, १७७४ सालीं इंग्रजांनीं ती घेतली. राज्यें बदललीं तरी चर्चांतलें गाणें थांबलें नाहीं. येथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांनीं १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानें, 'ईस्ट इंडियन' हें नांव धारण केलें. त्यांच्या लग्नांत घुमट आणि बँड दोन्ही सुखानें नांदतात. घुमट घरांतल्या गाण्यांना, बँड चर्चपासून घरापर्यंतच्या वाटेला.

मरोळच्या गांवठाणांत अशाच एका वृद्ध बँडमास्तरांची गांठ पडली. ते म्हणाले, त्यांच्या लहानपणीं मुलाच्या हातीं प्रथम वाद्य देतच नसत. तो मोठ्यांच्या मागें ढोल धरून चालावयाचा. मग केव्हां तरी एखाद्या काकांचें कॉर्नेट दुपारच्या वेळीं रिकामें सांपडावयाचें, आणि ओठ सुजेपर्यंत तो तें फुंकीत बसावयाचा. वर्षभरानें काका म्हणत, "बरा वाजवतोस." तोंपर्यंत विकत घेण्याची गोष्ट कोणी काढीत नसे. आम्हीं विचारिलें, "मग पुढें कोणी घेऊन दिलें?" मास्तर हंसले आणि त्यांनीं उत्तर दिलें नाहीं.

गोंव्यांतली रीत याहून शिस्तीची. तेथें चर्चच्या शाळांतून मुलांना आधीं सूर वाचावयास शिकवीत, मग गळ्यानें म्हणावयास लावीत, आणि वाद्य त्यानंतर. ओठ नळीला लागण्यापूर्वींच डोळे आणि कान तयार झालेले असत. म्हणून गोंव्याचा मुलगा धोबीतलावावरच्या एखाद्या कुडांत वळकटी टाकून उतरला, कीं त्याच्याजवळ स्वतःचें वाद्य असो वा नसो, कोणत्याहि बँडांत त्याला जागा मिळे. समोर ठेवलेला कागद त्याला वाचतां येई. हळदोण्याचे आंतोनियु झेवियर व्हाज हे मुंबईंत 'चिक चॉकलेट' या नांवानें गाजले, ते या परंपरेंतलेच. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटांत सी. रामचंद्र यांच्या संगीतांत त्यांचा ट्रंपेट ऐकूं येतो आणि पडद्यावर ते स्वतःहि दिसतात. त्या काळीं बोलपटांचे कारखाने उपनगरांतच थाटले होते; मालाडला १९३४ पासून बॉम्बे टॉकीज, गोरेगांवला १९४३ पासून फिल्मिस्तान. त्यांतलीं गाणीं रेडिओवरून घरोघरीं गेलीं. आमच्या स्नेह्यांचे वडील, म्हणजे हे आजोबाच, 'अलबेला'चीं गाणीं अजून गुणगुणतात. त्यांतल्या ट्रंपेटला त्यांचा विरोध नाहीं. विरोध आहे तो नातवाच्या ओठांशीं लागणाऱ्या ट्रंपेटला.

आणि येथेंच ती घरची गोष्ट येते. चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली तेव्हां तेथल्या चर्चांतल्या घंटा विजयचिन्ह म्हणून देशांत आणल्या गेल्या. नाशिकास नारोशंकराच्या देवळावरची घंटा त्यांतलीच म्हणून प्रसिद्ध आहे. परधर्मीयांची ती धातूची वस्तु आपण बिनदिक्कत देवळावर टांगिली, कारण ती हातानें वाजते. पितळेची नळी मात्र तोंडानें वाजते, ती थुंकीनें उष्टी होते. म्हणून ती उंबऱ्याबाहेर. सनई, शिंग, हलगी वाजविण्याचें काम गांवगाड्यानें मांग, महार, होलार, गुरव अशा जातींवर सोंपविलें. त्यांत गुरव देवळाशीं निगडित म्हणून त्याचा मान थोडा निराळा; बाकीच्यांना लग्नांत बोलावणें अगत्याचें, पण पंगत मांडवाबाहेर. बँडांचा जमाना आला तेव्हां अनेक ठिकाणीं याच घराण्यांतले लोक सनई ठेवून क्लॅरिनेट आणि कॉर्नेट हातीं घेते झाले. पांढरपेशा घराची रीत मात्र तीच राहिली. बँडावांचून मुलीचें लग्न उरकलें असें सांगावयाची लाज, आणि बँडवाल्यास ओसरीवर बसवावयाचीहि लाज! १९५६ च्या धर्मांतरानंतर कित्येक गांवीं बौद्धांनीं वाजविण्याचें बलुतें सोडून दिलें, तेव्हां गांवकरी रुष्ट झाले. हुकमानें वाजविणें आणि आपखुषीनें वाजविणें यांत अंतर आहे, हें वाजविणाऱ्याला कळत होतें, ऐकणाऱ्याला नव्हतें.

शहरांत बलुतें नव्हतें, पण मालक होता. ग्रेगरी बूथ या संशोधकांनीं भारतांतल्या लग्नाच्या बँडांवर 'ब्रास बाजा' नांवाचा ग्रंथ २००५ सालीं प्रसिद्ध केला. आमच्या वाचकांपैकीं ज्यांना इंग्रजी वाचनाची आवड आहे त्यांनीं तो अवश्य पाहावा. वरातीकडे पुन्हां पूर्वीच्या नजरेनें पाहणें त्यांना जमणार नाहीं. दुकान मालकाचें, डगले मालकाचे, वाद्यें मालकाचीं. वाजविणारा बहुधा परगांवचा, लग्नसराईपुरता आलेला. त्याची स्वतःची म्हणून एकच वस्तु, छातींतला वारा. हंगाम संपला कीं वाद्य दुकानांत परत, आणि पुढच्या हंगामापर्यंत ओठांची संवय मोडते. ज्याचें वाद्य त्याच्या घरीं आहे तो पावसाळ्यांत सराव करितो, आणि पुढच्या वर्षीं दुसऱ्या मालकाकडे जावयाचें झाल्यास जातो. मालकाच्या वाद्यावर वाजविणाऱ्यास हें दोन्ही जमत नाहीं. वाद्य विकत घेणें हा त्याच्या बाबतींत हौसेचा प्रश्न नसून मोकळें होण्याचा प्रश्न आहे.

तें त्याच्या आवांक्यांत आणण्याचें श्रेय मीरत शहराला द्यावें लागेल. तेथें नादिर अली यांनीं आपल्या आप्तासह १८८५ सालीं बँडाचा व्यवसाय काढिला आणि १९११ पासून पितळी वाद्यें घडविण्यास आरंभ केला. जलीकोठी हा त्या शहरांतला मोहल्लाच पुढें बँडवाल्यांचा आणि वाद्ये घडविणाऱ्यांचा म्हणून ओळखला जाऊं लागला. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध आले, तेव्हां देशांतल्या लहानमोठ्या बँडांची भिस्त मीरतेवरच राहिली. जपानच्या यामाहा कंपनीनें १९६५ सालीं ट्रंपेट करावयास सुरुवात केली. तिचीं वाद्यें पुढें मुंबईच्या दुकानांत आलीं, तरी मीरतेच्या वाद्याची किंमत आजहि त्यांच्या मानानें पुष्कळच कमी आहे. कमी किंमतीचें कारण झांकलेलें नाहीं. पत्रा हातानें वळविलेला, कळांची घासणी एका मापाची नाहीं, सांध्यांना दिलेला डाग कोठें जाड, कोठें पातळ. रस्त्यावर, ढोलांच्या गजरांत, चार तास मोठ्यानें वाजवावयाचें असेल तर हें खपून जातें. नवशिक्यास तेंच जड जातें. कारण सूर बिघडला तर दोष आपल्या ओठांचा कीं नळीचा, हें त्याला कळत नाहीं. म्हणून अगदीं स्वस्तांतलें वाद्य घ्यावयाचें तर तें जाणत्यानें घ्यावें, अजाणत्यानें घेऊं नये, असें आमचें मत झालें आहे. लोक बहुधा याच्या उलट करितात.

पारखण्याची रीत मास्तरांनीं आम्हांस करून दाखविली. ती तांबाकाट्यावर हंडा घेणाऱ्या गृहिणीस सांगावी लागणार नाहीं. उजेडांत फिरवून पोचे पाहावे, सांध्यावरून नख फिरवावें. तोंडाकडच्या नळींत आंतून लालसर ठिपके दिसले तर तें वाद्य सोडून द्यावें. पितळेंतलें जस्त झडून नुसतें तांबें उरूं लागल्याची ती खूण, आणि वेसावें-मढच्या खाऱ्या वाऱ्यांत ती लौकर उमटते. हिरवा कळंक मात्र पुसून निघतो, त्याला भिऊं नये. कळ न दाबतां तिचा वळसा ओढावा. 'टप्' असा आवाज झाला तर कळ घट्ट बसते, न झाला तर हवा गळते. सुरांची परीक्षा पेटीवर करावी. नेहमींच्या ट्रंपेटचा किंवा कॉर्नेटचा मोकळा सूर म्हणजे आपली काळी पांच. ती धरून वर-खालीं जावें आणि कोठें फाटतें तें ऐकावें. दोन्ही वाद्यांत नळी सुमारें साडेचार फुटांचीच, पण कॉर्नेट अधिक गुंडाळलेलें असल्यानें लहान हातांना सोयीचें.

राहिला 'केव्हां' हा शब्द. मुलाच्या बाबतींत पुढचे पक्के दांत येऊन स्थिरावले पाहिजेत. आठव्या-नवव्या वर्षाअगोदर घाई करण्यांत अर्थ नाहीं, आणि आमचे चिरंजीव तर बारा वर्षांचे. पण वादकाचें पंचांग निराळेंच असतें. तुळशीच्या लग्नापासून हिंदूंची सराई सुरू होते ती आषाढाच्या तोंडापर्यंत. ख्रिस्ती लग्नें नाताळापूर्वींच्या आगमनकाळांत आणि ईस्टरपूर्वींच्या उपवासकाळांत परंपरेनें होत नाहींत. भाद्रपदांत गणपति, सप्टेंबरांत वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं गांवठाणांतला आगेरा. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चांत नेतात तो सण. दोन्ही धर्मांचें काम करणाऱ्या साष्टीच्या बँडवाल्यास खरी उसंत मिळते ती आषाढी एकादशीपासून गणपतीपर्यंत. मास्तर म्हणाले, वाद्य मागावयाचें तर त्या दिवसांत मागावें, उसनें असो कीं विकतचें. तेव्हां वाद्य रिकामें असतें, आणि शिकविणाराहि. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यांत घेणारा मनुष्य मिरविण्यासाठीं घेतो, आणि त्या वेळीं त्याला निवड करावयास सवड नसते.

मुदत संपल्यावर आम्ही बोरिवलीस गेलों आणि हें सर्व सांगितलें. आईंना उसनवारीची कल्पना पटली. आजोबा कांहीं बोलले नाहींत. एकादशीनंतरच्या रविवारपासून चिरंजीव मरोळास जाऊं लागले. खरेदी म्हणून केली ती फक्त माउथपीसची, कारण ओठांशीं लागणारा तेवढा भाग ज्याचा त्याचा असावा, असें मास्तरांचें म्हणणें होतें. पहिले तीन आठवडे त्यांनीं नुसत्या माउथपीसवर भ्रमरासारखा गुंजारव केला. खिडक्या पावसामुळें बंदच होत्या, म्हणून शेजाऱ्यांची तक्रार आली नाहीं. श्रावणांत एके दिवशीं चिरंजीवांनीं उसनें कॉर्नेट घरीं आणिलें तेव्हां मोकळा सूर कांहीं केल्या स्थिर होईना. शेवटीं आजोबांनींच आंतल्या खोलींतून पेटी बाहेर काढली आणि काळी पांच धरून बसले.

गणपतीच्या दिवसांत आम्ही मास्तरांना भेटावयास पुन्हां गेलों. तें कॉर्नेट कोणाचें, हें त्या दिवशीं कळलें. मास्तरांनीं चाळीस वर्षें मालकांच्या वाद्यांवर काढलीं. साठी उलटल्यावर, रस्त्यावर चालणें सुटल्यानंतर, त्यांनीं मीरतेचें तें कॉर्नेट स्वतःच्या पैशानें घेतलें होतें. तें ते आगेऱ्याला चर्चच्या दारांत उभे राहून वाजवितात, एरवीं कोणास देत नाहींत. "या वर्षीं आगेऱ्यापर्यंत राहूं दे त्याच्याकडे," ते म्हणाले, "पण आदल्या शनिवारीं आणून दे म्हणावें, मला कळांना तेल घालावें लागेल."